माहेरच्या कार्डावर सासरी लस : बाळाला परत का पाठवतात?

पहिलं बाळंतपण माहेरी. बाळाचे सुरुवातीचे डोस तिथल्याच उपकेंद्रात होतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आई बाळाला घेऊन सासरी येते आणि इथल्या टेबलावर पहिला प्रश्न ऐकते, "कार्ड कुठाय?" गटप्रवर्तक म्हणून, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख ठेवणारी म्हणून, लसीकरणाच्या दिवशी मी त्याच टेबलाच्या कडेला बसते. तिथून परत जाणाऱ्या बायकांचं घोडं बहुतेक वेळा कागदाशी अडलेलं असतं, लस आत शीतपेटीत असतेच.

पात्रतेचं आधी उरकते, कारण तिथे अट अशी नाहीच. सरकारी सत्रात लस प्रत्येक बाळाला फुकट. आधार नाही, जन्मदाखला नाही, तुम्ही या गावचे नाही, ऊसतोडीला आलात, यातल्या कशावरूनही लस नाकारता येत नाही. सत्राचा वार गावागणिक वेगळा असतो, तो आशाताईला विचारा आणि यादीत नाव घालून घ्या.

आता कार्ड, म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. मागे एक आजी नातवाला घेऊन आल्या. कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेलं आणि नेमकी साडेतीन महिन्यांची ओळ घडीवर फाटलेली. "दिलंय हो, दोन्ही मांड्यांना टोचलं होतं," आजी म्हणाल्या. आजींची साक्ष तशी पक्की होती. दीड आणि साडेतीन महिन्यांना दोन्ही मांड्यांत सुई असते, एकीत पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), दुसरीत पीसीव्ही (न्यूमोनियाची लस). अडीच महिन्यांना एकाच मांडीत. पण सिस्टर आठवणीवरून रजिस्टर भरू शकत नाही. तिने माहेरच्या उपकेंद्राला फोन लावला, तिकडच्या आरोग्यसेविकेने नोंद वाचून दाखवली, दहा मिनिटांत काम झालं. प्रत्येक ठिकाणी सिस्टर फोन लावेलच असं नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून माहेरहून निघताना कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि तिथल्या सिस्टरचा नंबर कार्डावरच लिहून घ्या. कार्ड हरवलं असेल, तर रजिस्टर पाहून दुसरं कार्ड तिथूनच मिळतं. नोंद कुठेच सापडली नाही, तर वयाप्रमाणे देय असलेले डोस देतात. एखादा दुबार झाला तरी त्याने बाळाला अपाय होत नाही.

यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर, सगळं ऑनलाइन आहे, मग कार्ड कशाला, असं शिकलेल्या आया विचारतात. खरं आहे, क्यूआर असलेलं प्रमाणपत्र मोबाइलवर उतरवता येतं. पण नोंदणीच्या दिवशी नंबर कोणाचा दिला होता? बाळंतिणीचा फोन घरी चार्जिंगला, म्हणून मामाचा. आता ओटीपी मामाला जातो आणि मामा कंपनीत दिवसपाळीला. नंबर आईचाच द्या. दुसऱ्याचा दिला गेला असेल, तर सासरी यायच्या आधी बदलून घ्या.

नावाचाही घोळ असतोच. बारसं व्हायच्या आधी कार्डावर "बेबी ऑफ" लिहिलं जातं, त्यापुढे आईचं माहेरचं आडनाव. आधारवर सासरचं. लसीला याने काही अडत नाही, पण प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या पैशाला अडतं. पहिल्या अपत्याचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत येतात आणि २,००० रुपयांचा दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंदणी आणि साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस झाल्यावरच. इथे दरवेळी चुकतं ते अर्जाच्या ५७० दिवसांच्या मुदतीचं गणित. हे दिवस शेवटच्या पाळीच्या तारखेपासून मोजायचे, जन्मापासून नव्हे. म्हणजे बाळ साडेनऊ महिन्यांचं होईतो मुदत संपते. "अजून वर्ष आहे ना" म्हणत आलेल्यांना मला नाही म्हणावं लागतं, तेव्हा जीव तुटतो.

तारखांचं आणखी एक. दीड महिना म्हणजे सहा आठवडे, ४२ दिवस. चाळिसाव्या दिवशी आणलंत तर परत पाठवणारच. पुढचे दोन डोस आधीच्या डोसानंतर किमान २८ दिवसांनी. पहिला डोस लांबला असेल तर जन्मतारखेवरून "आज अडीच महिने झाले" असं मोजू नका. उलट उशीर झाला, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस पुढे चालू होतो. बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, मात्र एक वर्षापर्यंतच, आणि गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत.

खासगी दवाखान्याची फाइल असेल तर तिथल्या डॉक्टरांकडून लसींची नावं सुटी लिहून आणा. नुसतं कंपनीचं स्टिकर पाहून टेबलावरची नवी मुलगी गोंधळते. "हेक्सा" म्हणजे पेंटा आणि पोलिओचं इंजेक्शन एकत्र, एवढं लिहिलेलं असलं तरी भागतं. विदर्भातल्या काही जिल्ह्यांतल्या कार्डावर जेई (जपानी मेंदूज्वराची लस) दिसते, आपल्याकडच्या पुष्कळ जिल्ह्यांत ती देतच नाहीत. तो रकाना रिकामा दिसला म्हणून घाबरू नका.

आणि "आज मुलं कमी आहेत, बाटली फोडत नाही" हे उत्तर. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची बाटली कालवल्यावर चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते, म्हणून हात आखडतात. वाया जाणारे डोस हिशेबात धरलेलेच असतात. एका बाळासाठीही बाटली उघडायची असते. शांतपणे तसं सांगा, नाहीच ऐकलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आणि पुढे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, तारीख घालून. नुसतं ओट्यावर बोलून काही होत नाही. साध्या सर्दीसाठी परत पाठवलं तरी हेच.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. कोणती लस दिली, ताप-सूज आली तर काय करायचं, पुढची तारीख कोणती आणि कार्ड जपून आणायचं, या चार गोष्टी सिस्टरने सांगायच्या असतात. गर्दीत राहून गेल्या, तर उठायच्या आधी विचारून घ्या.