सीट, परमिट आणि अ‍ॅप: खान्देशातल्या जुन्या तंट्याची पार्श्वभूमी

अ‍ॅपवरच्या गाड्यांवर रिक्षावाले चिडतात, पण भांडणाचं मूळ मोबाइलच्या बरंच आधीचं आहे. प्रवासी बसवण्याचा हक्क कुणाचा, हाच तो तंटा.

१९४८ मध्ये एसटी आली आणि पुढे वाटेत थांबत सीट घेण्याचा, म्हणजे टप्पा वाहतुकीचा, हक्क तिच्याकडेच राहिला. पण चोपडा, यावल, शिरपूरकडच्या खेड्यांना तिच्या फेऱ्या कधीच पुरल्या नाहीत. ती नड काळीपिवळीने भागवली. परमिट कंत्राटी वाहतुकीचं, म्हणजे अख्खी गाडी एकाच गिऱ्हाइकाला भाड्याने देण्याचं, धंदा मात्र सीटवर. त्यामुळे ती कायम 'अवैध वाहतूक' ठरली. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप चालला, तेव्हा सरकारनेच खासगी गाड्यांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. म्हणजे अडलं की चालतं, एरवी गुन्हा.

शहरातही सीटचाच हिशेब. भुसावळ स्टेशनबाहेर रेल्वेतून माणसं उतरली की रिक्षा नंबराने लागतात आणि सीटा भरल्याशिवाय हलत नाहीत. मीटर नावालाच. रात्री एकटी बाई असो की दवाखान्यात पेशंट नेणारा, स्पेशल रिक्षा करायची तर चालक सांगेल तो भाव. अ‍ॅपवर बसायच्या आधीच भाडं कळणं ही या माणसांसाठी फार मोठी सोय आहे. तिला विरोध करून रिक्षा संघटनांना प्रवाशांची साथ मिळणार नाही.

रिक्षावाल्याचं दुखणंही तितकंच खरं. २०१७ मध्ये राज्याने रिक्षा परवान्यांवरची मर्यादा उठवली. रोजगाराच्या नावाखाली परमिटं वाटली, शहरात किती रिक्षा पोसल्या जातील हे पाहिलं नाही. कर्जाचा हप्ता, विमा, पासिंग, चालकाचा बिल्ला सांभाळून तो नंबर लावतो आणि खासगी नोंदणीची, पांढऱ्या पाटीची दुचाकी समोरून सीट उचलते. यात मी सरकारलाच दोषी धरतो.

कायदा मागून धावत आला. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अ‍ॅपवरून गाड्या पुरवणाऱ्या कंपन्यांना परवाना सक्तीचा झाला, २०२० मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. महाराष्ट्राने १९ जानेवारी २०२३ ला खासगी नोंदणीच्या गाड्या अ‍ॅपवर चालवायला बंदी घातली. बाइक टॅक्सी चालवणाऱ्या एका अ‍ॅप कंपनीला परवाना नाकारल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तिथेही कंपनीला दिलासा मिळाला नाही. मग एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ई-बाइक टॅक्सी मंजूर केली, तीही लाखावर वस्ती असलेल्या शहरांसाठी.

२०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे, भुसावळ आणि नंदुरबार लाखाच्या वर होती. अमळनेर आणि चाळीसगाव थोडक्यात खाली राहिली. यावल, रावेर, साक्री, शहादा यांचा तर प्रश्नच येत नाही, आणि एसटीची फेरी चुकली तर पंचाईत तिथेच होते.