गाजराला पाय का फुटतात?

भोगीच्या भाजीत गाजर लागतंच. तीन वर्षांपूर्वी ते परसातलंच घालायचं ठरवलं आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी वाफा उपटला. एका गाजराला दोन पाय, दुसऱ्याला तीन, तिसरं मांडी घालून बसलेलं. आई म्हणाली, "हे गाजर हाय का आलं?"

मी बियाण्याला दोष दिला. चूक माझीच होती.

गाजराचं सोटमूळ उगवल्यावर साधारण तीन आठवड्यांतच आपली बहुतेक खोली गाठतं. तेव्हा वर जेमतेम दोन-तीन पानं आणि खाली दोऱ्याएवढं मूळ असतं. नंतर ते मुख्यतः जाड होतं. आतला पेशींचा एक थर बाहेरच्या बाजूला साखर साठवणारा गर आणि आतल्या बाजूला पाणी वाहणारा गाभा घडवत राहतो. गाभा बारीक असलेलं गाजर गोड लागतं ते त्यामुळेच. त्या सुरुवातीच्या दिवसांत मुळाच्या टोकाला खड्याने किंवा ढेकळाने इजा झाली, की बाजूच्या मुळांवरचा त्याचा धाक संपतो आणि ती सोटमुळाची जागा घ्यायला धावतात. तेच हे पाय. म्हणून मिरची-वांग्यासारखं रोप करून गाजर लावायचं नसतं. उपटताना टोक तुटतंच.

पंचगंगेकाठची काळी माती उसाला सोनं, गाजराला मात्र तुरुंग. तिचे चिकण कण भिजले की फुगतात, सुकले की आवळतात. त्यावर उपाय म्हणजे हातभर खोल भुसभुशीत गादीवाफा: पोयटा, वाळू आणि पुरतं कुजलेलं शेणखत, सगळं चाळून. ताजं शेण नकोच. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि गाजराला केसाळ मुळ्या फुटतात.

पेरणी पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला. 'पुसा केसर'सारखा लाल वाण आपल्याकडच्या हवेत चालतो आणि सुमारे 90 दिवसांत तयार होतो. त्याचा लाल रंग लायकोपिनचा, म्हणजे टोमॅटोत असतो तोच. बी फार बारीक, एका ग्रॅममध्ये 700-800 सहज. वाळूत मिसळून सेंटिमीटरभर खोल टाकायचं. उगवायला एक-दोन आठवडे लागतात आणि तेवढ्यात वरची माती पापुद्र्यासारखी कडक होते. त्यावर ओलं पोतं झाकावं, पण कोंब दिसताच काढावं. ओळीत चार मुळ्याचे दाणे टाकले तर ते आधी उगवून ओळ दाखवतात.

मग विरळणी. माझ्यासाठी सगळ्यात जड काम हेच, पण दोन गाजरांत चार बोटं अंतर हवंच. पाणी नियमित द्यावं. कोरड्यानंतर एकदम भरपूर पाजलं की गाजर तडकतं. मातीबाहेर आलेलं डोकं उन्हाने हिरवं पडतं, त्यावर मातीची भर द्यावी.

यंदाही दोन गाजरांना पाय फुटले. त्या जागी खणलं तर कौलाचा एक तुकडा निघाला, चाळणीतून सुटलेला.