उपचार हाच प्रतिबंध (एचआयव्ही)

एचआयव्ही असलेल्या माणसाने एआरटीच्या, म्हणजे व्हायरस दाबून ठेवणाऱ्या औषधाच्या गोळ्या रोज न चुकता घेतल्या आणि रक्तातला व्हायरस टेस्टला सापडणार नाही इतका खाली गेला, की लैंगिक संबंधातून त्याच्याकडून जोडीदाराला लागण होत नाही, याला उपचार हाच प्रतिबंध म्हणतात. लागण कमी होते असं नाही, होतच नाही. सोशल मीडियावर हेच 'यू इज इक्वल टू यू' म्हणून फिरतं, पहिला यू अनडिटेक्टेबल, म्हणजे सापडत नाही याचा, आणि दुसरा यू अनट्रान्समिटेबल, म्हणजे पसरत नाही याचा.

सांगली साताऱ्याकडं यातला अर्धा भागच लोकांना माहिती आहे. गोळ्या खाल्ल्या की माणूस जगतो, हे आता गावातली म्हातारी माणसंपण सांगतात. पण त्याच गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसालाही वाचवतात हे म्हटलं की समोरचा तोंडाकडं बघत बसतो, कारण नव्वदच्या दशकात भिंतीभिंतीवर जे रंगवलं होतं, एड्सला औषध नाही, जोडीदाराशी एकनिष्ठ रहा, तेच अजून डोक्यात बसलंय. रंग उडाला, वाक्य काही उडालं नाही.

या पट्ट्यात रोग का वाढला त्याची कारणं नकाशावरच दिसतात. साताऱ्यातनं पुणे-बंगळूर हायवे जातो, मिरजेला रेल्वेचं जंक्शन, पाटण-जावळीकडची माणसं माथाडीसाठी मुंबईला, विटा-खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर, सोनं चांदी गाळायला पार बंगाल-तामिळनाडूपर्यंत. वर्षातनं एकदोनदा यात्रेला नाहीतर दिवाळीला घरी यायचं. नॅकोने, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने जिल्ह्यांची वर्गवारी केली तेव्हा सांगली जास्त लागणीच्या 'अ' वर्गात होती. सगळा दोष मात्र गोकुळनगरच्या, म्हणजे सांगलीतल्या वेश्यावस्तीतल्या बायकांवर टाकून लोक मोकळे झाले. खरंतर 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून त्याच बायकांना सोबत घेऊन काम उभं केलं, आणि १९९६ ला 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही त्या बायकांची संघटना त्यातनंच आली. ज्यांना रोग पसरवणाऱ्या म्हणत होते त्याच गल्लोगल्ली कंडोम वाटत होत्या, हे इथं नोंदवून ठेवायलाच पाहिजे.

घरातल्या बायकांचं काय, हे पुण्याच्या एका अभ्यासाने १९९७ साली दाखवलं. डॉ. रमण गंगाखेडकर, होय तेच, कोरोनाच्या वेळी टीव्हीवर रोज माहिती द्यायला यायचे ते, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या गुप्तरोग क्लिनिकमध्ये आलेल्या बायका तपासल्या, त्यात देहविक्री न करणाऱ्या बायकांमध्ये १३.६ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या. यातल्या बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्याशिवाय दुसरा संबंध नसलेल्या. म्हणजे 'एकनिष्ठ रहा' हा सल्ला त्या आधीपासनंच पाळत होत्या, आणि त्याचा त्यांना काडीचा उपयोग झाला नव्हता.

मग अशा घरासाठी करायचं काय, या प्रश्नाचं पक्कं उत्तर ज्या माणसामुळं मिळालं ते डॉ. मायरन कोहेन. शिकागोत जन्म, संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर, १९८० पासून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात. गडी मूळचा गनोरियाचा, म्हणजे परम्याचा अभ्यासक, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली इथंच आहे. एचआयव्हीकडं बाकीचे रक्ताचा आणि प्रतिकारशक्तीचा आजार म्हणून बघत होते तेव्हा हा माणूस विचारत होता की अंगातल्या नेमक्या कुठल्या पाण्यात किती व्हायरस आहे आणि तो बाहेर पडतो कसा. आफ्रिकेतल्या मलावी देशात त्यांच्या टीमने १३५ एचआयव्ही पॉझिटिव्ह पुरुष तपासले. ज्यांना लघवीच्या मार्गात गुप्तरोगाची सूज होती त्यांच्या वीर्यात बाकीच्यांपेक्षा आठपट व्हायरस. रक्तात मात्र दोघांचं सारखंच! साध्या अँटिबायोटिकने सूज उतरवली तर दोन आठवड्यांत वीर्यातला व्हायरस बराच खाली आला, एचआयव्हीचं औषध न देता. हे १९९७ ला 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. म्हणजे माणूस दुसऱ्याला किती लागण करू शकतो हे कायमचं ठरलेलं नसतं, ते वरखाली होतं, आणि वर जातं तसं खालीपण आणता येतं.

त्यांचं दुसरं काम नव्या लागणीवर. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत व्हायरस प्रचंड असतो, पण अँटिबॉडी तयार नसल्याने साधी टेस्ट निगेटिव्ह येते, म्हणजे माणूस सर्वात जास्त पसरवतो तेव्हाच हातात निगेटिव्हचा कागद असतो. नॉर्थ कॅरोलायनात त्यावर उपाय काढला तो आपल्याकडच्या डेअरीवाल्याला लगेच समजेल. पुष्कळ जणांच्या रक्ताचे थोडे थोडे नमुने एकत्र करायचे, त्या मिश्रणात व्हायरस शोधायचा, आणि सापडला तरच मागं जात जात नेमका कॅन कुणाचा ते बघायचं. प्रत्येकाची महागडी टेस्ट करायची गरज नाही.

२००० साली युगांडातल्या राकाई भागात ४१५ जोडप्यांचा अभ्यास आला होता, एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह अशी जोडपी. पॉझिटिव्ह माणसाच्या एक मिली रक्तात व्हायरस १५०० च्या खाली असेल तिथं एकही लागण नाही. पण ते सगळे बिनऔषधाचे होते, औषधाने खाली आणला तरी तसंच होईल का हे बाकी होतं. कोहेन यांच्या नेतृत्वाखालचा एचपीटीएन ०५२ हा अभ्यास त्यासाठीच. ९ देश, १७६३ जोडपी, त्यात पुण्याची आणि चेन्नईचीसुद्धा. सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ३५० ते ५५० मधली माणसं, अर्ध्यांना गोळ्या लगेच, अर्ध्यांना सीडी फोर घसरल्यावर नाहीतर आजार दिसल्यावर, जशी तेव्हा बऱ्याच ठिकाणी पद्धत होती. कंडोम, समुपदेशन दोन्हीकडं सारखं.

२०११ पर्यंत ३९ जोडीदारांना लागण झाली होती. व्हायरसची जनुकं जुळवून बघितली तर २८ ठिकाणी तो घरातल्या जोडीदाराकडूनच आलेला, आणि त्या २८ पैकी २७ उशिरा गोळ्या दिलेल्या गटातल्या. लगेच गोळ्यावाल्या गटात एकच. ९६ टक्के फरक. उरलेल्या ११ मध्ये धागा जोडीदाराशी जुळल्याचं दिसलं नाही, आणि ही जुळवणी केली नसती तर तो सगळा दोष घरातल्याच माणसावर गेला असता. २८ एप्रिल २०११ ला अभ्यासावरच्या देखरेख समितीने सांगितलं की निकाल आत्ताच जाहीर करा, मग दुसऱ्या गटालाही गोळ्या देऊ केल्या. 'सायन्स' साप्ताहिकाने त्या वर्षातला सर्वात मोठा शोध म्हणून हाच निवडला. पुढं २०१६ च्या शेवटच्या हिशोबात आकडा ९३ टक्के आला, पण ज्यांचा व्हायरस स्थिर दबलेला होता त्यांच्याकडून एकही लागण नाही.

आपल्याकडं मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, आधी मुख्यतः सीडी फोर २०० च्या खाली गेलेल्यांना, मग ३५०, मग ५००. सीडी फोर कितीही असो, पॉझिटिव्ह आला की गोळ्या चालू, हे धोरण आलं २८ एप्रिल २०१७ ला. त्या समितीच्या दिवसानंतर बरोब्बर सहा वर्षांनी. तोपर्यंत सीडी फोर चांगला म्हणून घरी पाठवलेल्या माणसाच्या बायकोचं काय झालं असेल, याचा हिशोब कुणी मांडत नाही.

अटी आहेत. व्हायरस दबायला सहा महिनेपण लागू शकतात, तोवर कंडोम पाहिजेच. बाकीचे गुप्तरोग या गोळ्यांनी थांबत नाहीत. एकमेकांची सुई वापरली तर ही खात्री लागू नाही, अंगावर दूध पाजण्यातसुद्धा धोका खूप कमी होतो पण शून्य म्हणत नाहीत.

आणि गोळी रोज पोटात जायला पाहिजे, जे एकत्र कुटुंबात बोलायला सोपं, करायला अवघड आहे. महिन्याच्या डबीत ३० गोळ्या असतात आणि एसटीच्या हादऱ्याने त्या खुळखुळतात, म्हणून माणसं डबीत कापूस कोंबतात, लेबल नखाने खरवडतात, काहीजण तर गोळ्या शक्तीच्या गोळ्यांच्या जुन्या बाटलीत ओततात. गावाजवळ सेंटर असलं तरी ओळखीचं कोण भेटंल म्हणून तालुके ओलांडून सांगली मिरजेला येणारे आहेत. वर्षातनं एकदा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात व्हायरस किती याचा रिपोर्ट येतो, त्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं, टार्गेट नॉट डिटेक्टेड, म्हणजे व्हायरस सापडला नाही. ते ऐकून काहींना वाटतं रोग गेला आणि गोळ्या बंद करतात, मग काही आठवड्यांत व्हायरस परत वर. म्हणून समुपदेशक रिपोर्ट हातात देताना आधी विचारतात, डबीत किती गोळ्या उरल्यात, मोजून दाखवा.