लघु गॅमा किरण स्फोटांच्या यजमान दीर्घिका : ओळख कशी ठरत आली

गॅमा किरण स्फोटांचा, म्हणजे दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या गॅमा किरणांच्या क्षणिक झोतांचा, १९६७ मधील पहिला सुगावा आणि १९९३ मध्ये दोन सेकंदांच्या रेषेवर पडलेले लघु (त्याहून कमी काळाचे) व दीर्घ हे गट कोकणातल्या आकाशनिरीक्षकांना परिचित आहेत. लघु स्फोटांच्या घराचा, म्हणजे ते ज्या दीर्घिकेत जन्मले त्या यजमान दीर्घिकेचा, शोध मात्र खऱ्या अर्थाने ९ मे २००५ रोजी सुरू झाला. त्या दिवशीच्या स्फोटाची क्ष-किरणांतील मंद उत्तरदीप्ती (स्फोटानंतर मागे रेंगाळणारा प्रकाश) प्रथमच सापडली आणि तिच्याजवळ सुमारे २७० कोटी प्रकाशवर्षांवरची, वृद्ध ताऱ्यांची एक मोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका दिसली. स्थाननिश्चितीच्या वर्तुळात फिकट दीर्घिका इतरही होत्या; तरीही यजमानपद मोठीला मिळाले.

हा निर्णय ज्या रीतीने झाला, तीच पुढे रूढ झाली आणि तिच्याकडे पुरेशा काळजीने पाहिले जात नाही. स्फोटाच्या जागेपासून दीर्घिकेपर्यंतचे अंतर त्रिज्या मानून वर्तुळ काढायचे आणि तितकी किंवा अधिक तेजस्वी दीर्घिका त्यात निव्वळ योगायोगाने येण्याची संभाव्यता मोजायची. जिची संभाव्यता सर्वांत कमी, ती यजमान. अडचण अशी की, लघु स्फोट ज्यांच्या विलयातून होतात ते जुळे न्यूट्रॉन तारे (मृत ताऱ्यांचे अतिघन गाभे) जन्मवेळच्या धक्क्याने घराबाहेर फेकले जातात आणि विलीन होण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे भटकतात. भरतीने किनाऱ्यावर आणलेला नारळ सर्वांत जवळच्या वाडीचाच असेल, असे कोणीही कोकणी माणूस म्हणणार नाही. दूर गेलेल्या जोडीचा खरा यजमान या पद्धतीत मागे पडतो, आणि मग अशा रीतीने ठरवलेल्या यजमानांच्या यादीवरून स्फोट दीर्घिकेच्या केंद्रापासून साधारण किती दूर होतात हे काढले, तर उत्तरात गृहीतक आधीच शिरलेले असते. २०२२ मध्ये नव्वद स्फोटांची मोठी यादी आली. बहुतांश यजमानांत अजूनही तारे जन्मत असल्याचे तिने दाखवले, हे मोलाचे आहे. पण तिच्यातली स्फोट व यजमानाची प्रत्येक जोडी योगायोगाच्या संभाव्यतेसह वाचली पाहिजे.

१७ ऑगस्ट २०१७ च्या घटनेत हा वाद उद्भवला नाही. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलयातून आलेल्या गुरुत्वीय लहरींनंतर (अवकाशकालातील तरंगांनंतर) १.७ सेकंदांनी स्फोट नोंदला गेला, लहरींनी अंतर स्वतंत्रपणे सांगितले आणि तेवढ्याच, म्हणजे सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ मध्ये नवी दीप्ती सापडली. वासुकी तारकासमूहातली ही दीर्घिका पावसाळ्यापूर्वीच्या रात्रींत आपल्या किनाऱ्यावरून दक्षिणेला चांगली वर येते. गॅमा हायड्रे ताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे दोन अंशांवर, मोठ्या दुर्बिणीतून, ती जरूर शोधावी.

७ मार्च २०२३ च्या स्फोटाने प्रश्न पुन्हा उघडला. कालावधीने तो दीर्घ गटातला, पण त्यानंतरची दीप्ती न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलयाची होती. त्याच्या अगदी शेजारी एक अतिदूरची, अत्यंत फिकट दीर्घिका होती, तर सुमारे १ लाख २० हजार प्रकाशवर्षे बाजूला एक जवळची सर्पिल दीर्घिका. योगायोगाच्या गणिताने दोघींत निवाडा होईना. तो झाला वर्णपटावरून: त्यात टेल्युरियम या जड मूलद्रव्याची मानली जाणारी खूण जवळच्या अंतराशी जुळली, आणि अतिदूरचे अंतर धरल्यास स्फोटाची ऊर्जा अशक्यप्राय ठरत होती. यजमानपद सर्पिल दीर्घिकेला मिळाले.