जाड कागदावरचा रंग का सुटतो?

लग्नसराईत विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात रंगीत पत्रिका, सत्काराची प्रमाणपत्रे आणि ओळखपत्रे जाड कागदावर छापून घेणाऱ्यांची गर्दी असते, आणि त्याच दिवसांत रंग नखाने निघतो, लाल पट्टा डागाळलेला येतो, अशा तक्रारीही वाढतात. दोष बहुधा ‘डुप्लिकेट टोनर’वर ढकलला जातो. टोनर खराब असूही शकतो. परंतु पातळ कागदावर तेच यंत्र स्वच्छ छापत असेल, तर संशय आधी कागदावर आणि त्याला मिळणाऱ्या उष्णतेवर घ्यायला हवा.

टोनर ही शाई नव्हे, तर रंगद्रव्य मिसळलेल्या प्लास्टिकची भुकटी असते आणि तिचा कण साधारण 5 ते 8 मायक्रॉनचा असतो. ही भुकटी विद्युतभाराच्या ओढीने कागदावर उतरते आणि पुढे फ्यूझरच्या तापलेल्या रोलरांमधून जाताना वितळून कागदाच्या तंतूंत रुतते. चेस्टर कार्लसन यांनी 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावरून पहिली प्रत काढली, तेव्हाही भुकटी मेणकागदावर उतरवणे आणि उष्णतेने ती पक्की करणे याच पायऱ्या होत्या. म्हणून तपासणीची सुरुवात छापलेल्या गडद भागावर नख ओढून करावी. भुकटी सुटली, तर उष्णता कमी पडली आहे; रंग पक्का असूनही फिकट किंवा ठिपकेदार दिसत असेल, तर तो कागदावर नीट उतरलेलाच नाही.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे. 75 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचा) ए-4 कागद पाच ग्रॅमही भरत नाही, तर 300 जीएसएमचे कार्ड जवळपास 19 ग्रॅम भरते. म्हणजे तेवढेच तापण्यासाठी त्याला सुमारे चौपट उष्णता लागते, आणि रोलरांच्या चिमटीत मिळणारा वेळ मात्र सेकंदाच्या लहानशा अंशाचा असतो. कागद जाड आहे हे अनेक यंत्रांना आपोआप कळत नाही. ट्रेच्या सेटिंगमध्ये ‘प्लेन’ऐवजी योग्य जाडी निवडली, की यंत्र वेग बराच कमी करते, गरजेनुसार फ्यूझरचे तापमान बदलते आणि भुकटी ओढून घेणारे व्होल्टेजही जुळवून घेते. वेग मंदावला म्हणून रांगेकडे पाहून पुन्हा ‘प्लेन’वर जाणारे चालक कमी नाहीत, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ माझ्या मते तिथेच आहे. उलट, पातळ कागदाला जाड कागदाचे सेटिंग दिले, तर अतितप्त टोनर रोलरला चिकटतो आणि त्याच चित्राची पुसट सावली पुढे उमटते.

पत्रिकेवरची काळी अक्षरे पक्की बसतात आणि कुंकवाच्या रंगाची किनार तेवढी सुटते, याचेही कारण यातच आहे. लाल रंग पिवळ्या आणि किरमिजी टोनरच्या दोन थरांनी तयार होतो, मरून छटेत त्यावर काळ्याचीही भर पडते, आणि एवढा जाड थर तळापर्यंत वितळायला उष्णता अधिक लागते. त्यात गावाकडचे व्होल्टेज आले. फ्यूझरचा दिवा वीजपुरवठ्यावरच तापतो. 230 ऐवजी 190 व्होल्ट मिळाले, तर त्याची शक्ती पाव ते तृतीयांशाने घटते आणि लागोपाठच्या कार्डांमागे रोलर थंड होत जातो. पहिली काही कार्डे पक्की आणि पुढची कच्ची निघत असतील, तर टोनर बदलण्याआधी व्होल्टेज मोजून पाहावे.

रंग उतरण्यातल्या दोषांत हवामानाचा हात मोठा असतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला, की हवा इतकी कोरडी होते की कागदाचा विद्युतरोध वाढतो, कार्डे एकमेकांना चिकटतात आणि अनियंत्रित भारामुळे रंगात पांढरे ठिपके पडतात. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात नेमके उलटे घडते. ओल शोषलेल्या कागदातून भार निसटतो, भरीव रंग ढगाळ दिसतो, आणि गुळगुळीत आर्ट कार्डमधल्या ओलाव्याची फ्यूझरखाली वाफ होऊन बारीक फोड येतात. रिम फोडल्यावर उरलेली कार्डे वेष्टनातच गुंडाळून ठेवावीत. उघड्या रॅकवर रात्रभर राहिलेला कागद सकाळी वेगळाच वागतो. दुसरी बाजू छापताना पहिल्या फेरीतल्या उष्णतेने कागद आधीच वाळलेला असतो, म्हणून अनेक यंत्रांत मागच्या बाजूचे सेटिंग वेगळे दिलेले असते.

डाग ठरावीक अंतराने परत येत असेल, तर पट्टीने ते अंतर मोजावे. ज्यावर आधी चित्र तयार होते त्या 30 मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवरचा (दंडगोलावरचा) ओरखडा दर 94 मिलिमीटरवर उमटतो, कारण तोच त्याचा परीघ आहे, आणि हा एक आकडा सर्व्हिस इंजिनिअरला दोषी भाग शोधून देतो. मात्र प्रत्येक कार्डाच्या शेवटाकडे एकाच जागी आडवी रेघ येत असेल, तर ताठ कागदाचे मागचे टोक आतल्या रोलरमधून सुटताना बसणाऱ्या हिसक्याची शक्यता अधिक. बायपास ट्रेमधून (हाताने कागद घालायच्या बाजूच्या ट्रेमधून) मार्ग सरळ मिळत असल्याने जाड कार्ड तिथूनच द्यावे.

घडीवर रंग तडकणे ही तक्रार मात्र यंत्राची नाही. टोनरचा थर ठिसूळ प्लास्टिकचा असतो, आणि तंतूंच्या दिशेला आडवी घडी घातली की तो फुटतो. कार्ड दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावे. ज्या बाजूला ते सहज वळते, तिकडे घडी घ्यावी आणि त्याआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच, करून घ्यावे. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर या यंत्रात घालूच नये, कारण त्यावरचा थर वितळून रोलरला चिकटू शकतो आणि मग फ्यूझरच बदलण्याची वेळ येते.