आवाजाला मागे टाकणारी गाडी आणि तिच्याखालची जमीन

१३ ऑक्टोबर १९९७. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातलं ब्लॅक रॉक वाळवंट. थ्रस्ट एसएससी नावाची काळी, दोन जेट इंजिनांची ब्रिटिश गाडी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात एका दिशेला गेली, वळवून परत आणली तर येतानाही आवाजापेक्षा जोरात आली, आणि एवढं होऊनही जमिनीवरच्या वेगाचं जागतिक रेकॉर्ड झालं नाही! नियम असा आहे की जायची आणि यायची अशा दोन्ही फेऱ्या एका तासाच्या आत व्हायला हव्यात, आणि या टीमला जेमतेम मिनिटभर, खरं तर त्याहूनही थोडा कमीच, उशीर झाला होता. बाकी कशातच चूक नव्हती, पण नियम तो नियम. दोन दिवसांनी, १५ तारखेला, त्यांनी सगळं परत केलं, तेव्हा मात्र तासाच्या आत दोन्ही फेऱ्या झाल्या आणि एका मैलावरचा सरासरी वेग निघाला ताशी १२२७.९८५ किमी. गाडी चालवत होता ब्रिटिश हवाई दलाचा फायटर पायलट अँडी ग्रीन. हे रेकॉर्ड आजपर्यंत कुणी मोडलेलं नाही.

दोन दिशांचा नियम का, ते आधी सांगतो. गाडी एकाच दिशेनं पळाली तर पाठीमागून वारा मिळू शकतो, जमिनीला जरासा उतार असू शकतो, म्हणून उलट दिशेनं परत यायचं आणि सरासरी काढायची. गाडीनं आधी वेग घ्यायचा, मग मोजलेला एक मैल किंवा एक किलोमीटर त्या वेगातच पार करायचा आणि पुढे जाऊन थांबायचं. त्यामुळे ट्रॅक लागतो वीसेक किलोमीटरचा. आणि मधल्या वेळात काय काय करायचं तर दहा टनांहून जास्त वजनाची गाडी फिरवायची, इंधन भरायचं, गाडी थांबवायला वापरलेली पॅराशूट काढून नवी बसवायची, चाकं तपासायची, एखादा बोल्ट ढिला झालाय का ते बघायचं, आणि घड्याळ चालूच असतं. मला विचाराल तर या रेकॉर्डमधली सगळ्यात कमी चर्चा झालेली मेहनत हीच.

आता बहुतेकांना वाटतं की हा सगळा खेळ इंजिनाचा आहे, जेवढं मोठं इंजिन तेवढा जास्त वेग. सुरुवातीला ते काही अंशी खरंही होतं. १८९८ मध्ये फ्रान्समध्ये पहिलं रेकॉर्ड नोंदलं गेलं ते ताशी ६३ किमीचं आणि ती गाडी इलेक्ट्रिक होती. १८९९ मध्ये बेल्जियमच्या कामिय जेनात्झीनं ताशी १०० किमीचा टप्पा ओलांडला, तीही इलेक्ट्रिकच. १९०६ मध्ये वाफेच्या गाडीनं २०० ओलांडले. मग पेट्रोल इंजिनांचं राज्य आलं, १९२७ मध्ये हेन्री सीग्रेव्ह डेटोनाच्या किनाऱ्यावर ३२७ च्या पुढे गेला, १९३५ मध्ये माल्कम कॅम्पबेल बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ४८४. पण इथे एक गणित आडवं येतं, आणि ते कुणालाच चुकलेलं नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की अडथळा चौपट. आणि त्या चौपट अडथळ्याविरुद्ध तुम्ही दुप्पट वेगानं जाताय, म्हणून ताकद लागते आठपट. आठपट! त्यामुळे शेवटचे पन्नास किलोमीटर मिळवायला पहिल्या शंभरापेक्षा कितीतरी जास्त ताकद खर्च होते.

या गणिताशी माणसं कशी झगडली ते बघायचं असेल तर जॉन कॉबची रेल्टन गाडी बघा. तिच्यात नेपियर लायन नावाची विमानाची दोन इंजिनं बसवली होती आणि चारही चाकांना ताकद दिली होती. एवढी इंजिनं तापणार म्हणजे पुढे मोठा रेडिएटर हवा, पण रेडिएटरसाठी पुढे तोंड उघडं ठेवलं की हवा अडते आणि वेग जातो. मग त्यांनी रेडिएटरच काढून टाकला आणि गाडीत बर्फाची टाकी बसवली, इंजिनाचं गरम पाणी त्या बर्फातून फिरवायचं, पळायचं असतं काही मिनिटंच तेवढ्यात बर्फ पुरतो. अशा विचारानं बनवलेल्या गाडीनं १९४७ मध्ये ताशी ६३४ किमी गाठले आणि ते रेकॉर्ड पुढे कितीतरी वर्षं टिकलं.

पण चाकांना ताकद देऊन पळणाऱ्या गाडीची एक मर्यादा असते, ती म्हणजे पकड. इंजिन कितीही मोठं लावा, ती ताकद शेवटी टायर जिथे जमिनीला टेकतो त्या तळहाताएवढ्या जागेतूनच जाते, आणि मीठ किंवा वाळवंटातली माती म्हणजे काही डांबरी रस्ता नव्हे, ठराविक जोरानंतर चाक नुसतं जागेवर फिरायला लागतं. इथे जेट इंजिनानं खेळ बदलला. जेट मागे गरम हवा फेकतं आणि गाडी पुढे ढकलली जाते, चाकांचं काम फक्त फिरत राहायचं आणि गाडी सरळ ठेवायची. क्रेग ब्रीडलव्ह या कॅलिफोर्नियाच्या पोरानं १९६३ मध्ये लष्करी विमानाचं जुनं जेट इंजिन घेऊन तीन चाकी स्पिरिट ऑफ अमेरिका बनवली आणि ताशी ६५५ किमी काढले. मोटरगाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं तिला गाडी मानायलाच नकार दिला, चाकं तीन आणि त्यातल्या एकालाही इंजिनाची ताकद नाही म्हणून, मग ते रेकॉर्ड मोटरसायकलवाल्यांच्या संघटनेनं नोंदवून घेतलं. पुढच्या वर्षी त्याच गाडीनं ८४६ चा वेग गाठला, पण थांबताना पॅराशूट तुटलं, ब्रेक गेले, गाडी एक टेलिफोनचा खांब मोडून खाऱ्या पाण्याच्या तळ्यात घुसली. ब्रीडलव्ह पोहून बाहेर आला, आणि १९६५ मध्ये नव्या चार चाकी गाडीनं ताशी ९६६ किमी करून दाखवले. १९७० मध्ये गॅरी गॅबेलिचच्या ब्लू फ्लेम या रॉकेट गाडीनं १००० चा टप्पा ओलांडला.

म्हणजे ताकदीचा प्रश्न जवळपास सुटला होता. लढाऊ विमानांची निवृत्त इंजिनं मिळत होती, हवी तेवढी ताकद. खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली, आणि ती अडचण म्हणजे गाडी जमिनीवर ठेवायची कशी.

ताशी हजार किमीच्या वर हवा गाडीला उचलू बघते. नाक अगदी थोडं वर झालं की खालून हवा शिरते आणि गाडी सरळ विमान होते, पण पंख नसलेलं विमान. मग नाक खाली ठेवा म्हणाल तर हवा इतकी दाबते की चाकं मातीत रुततात आणि सस्पेन्शनवर टनावारी भार येतो. या दोन टोकांच्या मधली जागा अगदी अरुंद असते. थ्रस्ट एसएससीच्या आधीच्या गाडीनं, म्हणजे रिचर्ड नोबलच्या थ्रस्ट २ नं, १९८३ मध्ये याच ब्लॅक रॉकवर ताशी १०१९ किमीचं रेकॉर्ड केलं, आणि नंतरच्या हिशोबात दिसलं की अजून थोडासाच वेग वाढला असता तर गाडीनं जमीन सोडली असती.

आवाजाच्या वेगाजवळ तर अजून वेगळा प्रकार होतो. हवेत दाबाचा निरोप आवाजाच्या वेगानंच पुढे जातो, म्हणून गाडी त्याहून हळू असेल तर समोरच्या हवेला ती येतेय हे आधीच कळतं आणि हवा बाजूला सरकते. गाडी त्या वेगाला पोचली की हवेला सरकायला वेळच मिळत नाही, ती साचते आणि शॉकवेव्ह, म्हणजे दाबाची जोरदार लाट, तयार होते. विमानाखाली मोकळी जागा असते, लाट जाते निघून. गाडीखाली जमीन आहे, लाट तिच्यावर आपटून परत गाडीच्या पोटावर येते, आणि तिथला दाब क्षणात कसाही बदलतो. गाडीच्या काही भागांवरची हवा आवाजाच्या वेगाच्या अलीकडे आणि काही भागांवरची पलीकडे अशी अवस्था असते तेव्हा तर काहीच भरवशाचं नसतं.

थ्रस्ट एसएससीचे एरोडायनॅमिक्सचे, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या शास्त्राचे, तज्ज्ञ रॉन एअर्स, हे आधी क्षेपणास्त्रांवर काम केलेले गृहस्थ, त्यांना सुरुवातीला ही कल्पनाच अशक्य वाटली होती. विंड टनेलमध्ये, म्हणजे मॉडेल एका जागी ठेवून त्यावर वारा सोडतात त्या बोगद्यात, हे नीट तपासता येत नाही कारण तिथे मॉडेलखालची जमीन पळत नाही. म्हणून त्यांनी दोन रस्ते धरले. एकीकडे कॉम्प्युटरवर हवेच्या प्रवाहाचं गणित, आणि दुसरीकडे वेल्समध्ये पेंडाइनला गाडीचं छोटं मॉडेल रॉकेटनं ढकलल्या जाणाऱ्या स्लेजवर (घसरगाडीवर) बसवून रुळावरून आवाजापेक्षा जोरात सोडलं आणि त्यावरचे दाब मोजले. दोन्हीचे आकडे एकमेकांशी जुळले तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. विज्ञानात मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन पद्धतींनी एकच उत्तर यावं आणि मग माणसानं त्या उत्तरावर जीव पणाला लावावा.

त्या गणितातूनच गाडीचा तो विचित्र आकार आला. फँटम या लढाऊ विमानात वापरलेली दोन रोल्स रॉइस स्पे इंजिनं दोन्ही बाजूंना पुढच्या भागात, मध्ये ड्रायव्हर, म्हणजे वजन पुढे आणि गाडी बाणासारखी सरळ राहते. पण मग पुढची चाकं इंजिनांखाली अडकली आणि वळवायला जागाच उरली नाही. काय करायचं? मागची चाकं वळवायची! मागच्या चाकांवर स्टिअरिंग असलेली गाडी साध्या वेगातही चालवायला अवघड, इथे तर हजाराच्या वर जायचं. त्यांनी आधी एका साध्या मिनी कारवर तशी मागची चाकं लावून ती चालवून बघितली, जमतंय म्हटल्यावर पुढे गेले. अँडी ग्रीनला आवाजाच्या वेगाच्या आसपास गाडी बाजूला ओढायला लागली की स्टिअरिंग चांगलंच फिरवून धरावं लागायचं, आणि हे सेकंदाला ३४० मीटर जाताना.

चाकांचं तर सांगायलाच हवं. या वेगात रबराचा टायर टिकत नाही, फिरण्याच्या जोरानंच फाटून जातो. म्हणून चाकं अॅल्युमिनियमची, अख्खी भरीव, टायर नाहीच. पुढे याच मंडळींनी ताशी १६०० किमीसाठी ब्लडहाउंड गाडी बनवली तिच्या चाकाचा व्यास ९० सेंटिमीटर. हिशोब केलात तर त्या वेगात चाक सेकंदाला दीडशेच्या वर फेरे घेतं आणि कडेवरचा प्रत्येक कण गुरुत्वाकर्षणाच्या ४५ हजार पट जोरानं बाहेर ओढला जातो. म्हणजे कडेवरच्या एक ग्रॅम धातूला धरून ठेवायला ४५ किलो वजनाएवढी ओढ लागते. बारीकशी चीर गेली तरी संपलं.

आणि हे सगळं ज्या जमिनीवर चालतं ती जमीन कुणी बनवत नाही. ब्लॅक रॉकचं वाळवंट हा एक कोरडा तलाव आहे, पावसाळी दिवसांत तिथे पाणी साचतं, उन्हाळ्यात ते आटतं आणि माती आपोआप सपाट होऊन वाळते. दरवर्षी नवा ट्रॅक तयार. पण धातूची चाकं त्यात खोल खुणा पाडतात आणि शॉकवेव्ह वरचा थर पिठासारखा भुगा करून टाकते, म्हणून त्याच ओळीतून परत पळता येत नाही, शेजारून नवीन ओळ आखावी लागते. शिवाय खडे वेचायला माणसं रांगेनं चालतात. दक्षिण आफ्रिकेत हाकस्कीन पॅनवर ब्लडहाउंडसाठी तिथल्या मियर भागातल्या ३१७ लोकांनी साडेसोळा हजार टन दगड हातानं उचलले. वेडेपणा वाटेल, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये ओरेगॉनच्या अल्वर्ड वाळवंटात अमेरिकी रेसिंग ड्रायव्हर जेसी कॉम्ब्सच्या जेट गाडीचं पुढचं चाक निकामी झालं आणि त्या अपघातात जेसीचा जीव गेला, जमिनीवरच्या कशावर तरी चाक आदळलं असावं असा तपासाचा निष्कर्ष होता. बायकांमधलं सर्वाधिक वेगाचं रेकॉर्ड, ताशी ८४१ किमी, त्याच दिवसाच्या धावेसाठी तिच्या नावावर नंतर नोंदलं गेलं. दगड वेचणं किती महत्त्वाचं, हे यावरून कळतं.

हवेच्या तापमानाचाही एक मजेदार हिशोब आहे. आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो, थंड हवेत कमी, गरम हवेत जास्त. १५ ऑक्टोबरला थंडी होती, आवाजाचा वेग १२०९ किमीच्या आसपास होता, म्हणून १२२८ वर गाडी पलीकडे गेली, आणि जवळच्या गर्लाक गावात धडाम असा सॉनिक बूम ऐकू आला. हाच वेग ४० अंशांच्या दुपारी असता तर आवाजाचा वेग १२७७ ला गेला असता आणि गाडी मागेच राहिली असती. रेकॉर्ड बुकात आकडा तोच राहिला असता, फक्त सुपरसॉनिक म्हणता आलं नसतं. योगायोग असा की त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकी वैमानिक चक येगरनं विमानातून पहिल्यांदा आवाजाचा वेग ओलांडला त्याला ५० वर्षं पूर्ण झाली होती.

थ्रस्ट एसएससीला मोठे प्रायोजक फारसे मिळाले नाहीत, इंटरनेट नवीन होतं तेव्हा जगभरातल्या साध्या लोकांनी इंधनाचे पैसे पाठवून टीमला वाळवंटापर्यंत पोचवलं. ब्लडहाउंडलाही पैशानंच अडवलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती हाकस्कीन पॅनवर युरोफायटर टायफूनच्या एकाच जेट इंजिनावर ताशी १०१० किमी पळाली, रेकॉर्डसाठी जे रॉकेट जोडायचं होतं ते अजून बसवलंही नव्हतं. पुढच्या वर्षी कोविड आला, काम थांबलं, २०२१ मध्ये गाडी विकायला काढली. ट्रॅक साफ करून झालेला, चाकं १६०० किमीच्या हिशोबानं घडवलेली, ड्रायव्हर तेव्हा तोच अँडी ग्रीन, आणि निधी नाही म्हणून सगळं अडून राहिलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. गाडीची रचना आणि २०१९ च्या धावांमधली मोजमापं टीमकडे आहेत, त्यामुळे पैसे उभे राहिले तर पुढचं काम रॉकेट बसवण्यापासून सुरू होईल.