अभिजात मोटारींची इंधनटाकी बदलणे

जुन्या मोटारीची मूळ पेट्रोल-टाकी गंजून, गळून किंवा आत साचलेल्या गाळाने निकामी झाली की ती उतरवून नवी बसवणे, आणि त्याच वेळी तिला धरून ठेवणारे पट्टे, बोल्ट, गाद्या व रबरी नळ्या बदलणे, असे हे काम आहे. नावात टाकी पुढे असली तरी कारागिराचा कस लागतो तो तिला धरणाऱ्या सामानात. टाक्या बहुधा तिथूनच कुजतात, आणि बदलल्यानंतरच्या तक्रारीही बहुधा तिथूनच येतात.

कामाचा व्याप टाकी कुठे आहे यावर ठरतो. फोर्ड मॉडेल टी (१९०८–२७) या मोटारीत बहुतेक वर्षे टाकी पुढच्या आसनाखाली असे आणि पेट्रोल केवळ उताराने इंजिनात जाई. पेट्रोल कमी असताना खडा चढ आला की लोक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढवत. त्यानंतरच्या मॉडेल एमध्ये टाकी समोरच्या काचेखाली, मोटारीच्या सांगाड्याचाच भाग म्हणून आली. ती काढायची म्हणजे पुढचा भाग उघडावा लागतो. फोक्सवॅगन बीटलची टाकी पुढच्या बॉनेटखाली असते. १९६४ ते १९७० च्या फोर्ड मस्टँगमध्ये टाकीची वरची बाजू हीच डिकीची जमीन असते. तिथे पट्टे नाहीत, कडेने स्क्रू आहेत. बाकी बहुसंख्य मोटारींत टाकी मागे, डिकीखाली, दोन पोलादी पट्ट्यांवर लटकते. पुढचे वर्णन मुख्यतः या प्रकाराचे आहे.

जुन्या टाक्या पोलादी पत्र्याचे दोन भाग कडेने वेल्ड करून बनवत आणि पत्र्याला शिसे व कथिल यांच्या मिश्रधातूचा मुलामा असे. मुलामा टिकाऊ असला तरी दोन ठिकाणी हरतो. एक म्हणजे तळ. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतली वाफ थंड होऊन पाणी होते, ते पेट्रोलपेक्षा जड असल्याने खाली बसते आणि आतून पत्रा खाते. दुसरी जागा सहसा कुणी पाहत नाही, ती म्हणजे टाकीची वरची बाजू. टाकी खडखडू नये म्हणून ती आणि डिकीचा तळ यांच्यामध्ये, तसेच पट्ट्यांखाली, फेल्टच्या किंवा डांबरी कागदाच्या गाद्या घालत. चाकांनी उडवलेला चिखल तिथे अडकतो, फेल्ट ओले राहते आणि गंज वरून खाली उतरतो. अशी टाकी खालून पाहिली तर ठणठणीत दिसते. टाकी गच्च भरल्यावर दोन दिवस पेट्रोलचा वास आणि निम्म्यावर आली की वास गायब, ही तिची खूण.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलने प्रश्न वाढवला. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुना चिकट थर सोडवून फिल्टर चोंदवते आणि जुने रबर फुगवते. म्हणून टाकीबरोबर नळ्याही बदलाव्यात. एसएई (मोटार-अभियंत्यांची अमेरिकी संस्था) हिच्या जे३० आर९ दर्जाची नळी अशा पेट्रोलला चांगली टिकते. आतून इपॉक्सीचे अस्तर देणे हा दुसरा मार्ग आहे; पण पत्रा नीट साफ झाला नसेल तर अस्तराचे पापुद्रे सुटून तेच नळीत अडकतात. नवी टाकी मिळतच नसेल तेव्हाचा हा नाइलाजाचा उपाय समजावा.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के पेट्रोलची वाफ असली की ती ठिणगीने पेटते, आणि रिकाम्या टाकीत नेमके हेच मिश्रण तयार होऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने जमिनीलगत पसरते व गॅरेजच्या खड्ड्यात साचते. त्यामुळे हे काम खड्ड्यात उतरून करू नये. बॅटरीची ऋण वायर आधी सोडावी. एक लिटर पेट्रोल सुमारे पाऊण किलो भरते, म्हणजे ६० लिटरची भरलेली टाकी पेट्रोलामुळेच ४५ किलोंनी जड. शिवाय ते डचमळते. टाकी आधी उपसून, जॅकवर लाकडी फळी ठेवून तिच्यावर अलगद उतरवतात. सेंडरची, म्हणजे टाकीत पेट्रोल किती आहे ते इंधनकाट्याला कळवणाऱ्या भागाची, कडी सोडवताना ठिणगी उडू नये म्हणून पोलादी छिन्नीऐवजी पितळेचा किंवा लाकडाचा ठोकळा वापरतात.

पट्ट्यांचे बोल्ट बहुधा गंजून जाम झालेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. तरीही नट फिरला नाही तर हॅकसॉने कापावा, ग्राइंडर आणि गॅसची ज्योत दूरच ठेवावी. बोल्ट तुटला तरी काही बिघडत नाही, तो बदलायचाच असतो. पट्ट्याचा आकडा अडकतो ती चेसिसमधली खाच किंवा पक्का बसवलेला नट कुजला असेल, तर मात्र टाकी आणि पेट्रोल दूर नेऊन तिथे आधी वेल्डिंग करावे लागते. नवे पट्टे कुजक्या खाचेत अडकवण्याचा मोह अनेकांना होतो.

नवी टाकी जुनीच्या शेजारी ठेवून पाहावी. पट्ट्याची खोबण, भरणनळीचा कोन, सेंडरचे भोक आणि वायुनळ्यांची संख्या जुळली पाहिजे. इंधनवाफेवरचे नियम कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि साऱ्या अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलांपासून लागू झाले. म्हणून एकाच मोटारीच्या आधीच्या व नंतरच्या टाक्यांत फरक असतो : आधीच्या झाकणाला श्वासछिद्र, नंतरच्या टाकीची वाफ ती शोषून धरणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे. जुन्या टाकीला बंद झाकण लावले तर आत निर्वात होतो. गाडी काही मैल चालून बंद पडते, झाकण उघडताच ‘सुस्स’ असा आवाज येतो आणि ती पुन्हा सुरू होते.

इंधनकाट्याचा घोळ स्वतंत्र आहे. जनरल मोटर्सच्या १९६४ पर्यंतच्या बहुतेक सेंडरांचा विद्युतरोध टाकी रिकामी ते भरली असता ० ते ३० ओहम, १९६५ पासून ० ते ९०. जुन्या फोर्डमध्ये रिकामी असता सुमारे ७३ आणि भरली असता १०, म्हणजे उलटा. चुकीचा सेंडर बसवला तर काटा खोटे बोलतो. बरोबर सेंडर असूनही काटा हलेना, तर बहुतेक वेळा अर्थिंग नसते : नवा रंग आणि रबरी गाद्या टाकीला बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तोडतात. सेंडरपासून चेसिसपर्यंत एक वेगळी वायर ओढली की प्रश्न मिटतो. टाकी वर चढवण्याआधीच वायर जोडून, सेंडरचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) हाताने खालीवर करून काटा पाहून घ्यावा.

गाद्यांसाठी पाणी न शोषणारे रबर फेल्टपेक्षा सरस. दोन्ही पट्टे आळीपाळीने थोडे थोडे आवळतात. गादी एकसारखी दबली आणि टाकी हाताने हलेनाशी झाली की थांबावे. त्यापुढे आवळल्यास पत्रा आत जातो व फ्लोट अडतो. आट्यांना ग्रीस लावलेले असावे. भरणनळीच्या रबरी बुशाला साबणाचे पाणी लावल्याशिवाय नळी सरळ आत जात नाही, आणि जबरदस्ती केली तर बूश फाटते.

चाचणीला आधी पाच-दहा लिटर ओततात, पण तेवढ्याने भागत नाही. सेंडरची कडी आणि भरणनळीचा सांधा उंचावर असल्याने तिथली गळती टाकी पूर्ण भरल्यावरच दिसते. म्हणून ती काठोकाठ भरून रात्रभर सपाट जागी ठेवतात आणि सकाळी दोन्ही सांध्यांखाली कोरडा कागद फिरवून पाहतात. उतरवलेल्या टाकीतले मूळ सेंडर आणि झाकण मात्र फेकू नये. बाजारातल्या नकलांपेक्षा ती साफ करून पुन्हा वापरणे अनेकदा सोयीचे पडते.